आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

एक साधा प्रश्न विचारते. पेट्रोल किंवा स्पिरिट उचलणाऱ्या पंपाचा इंपेलर कोणत्या मटेरिअलचा असावा?

‘ब्राँझ!’ हॉस्टेलमधल्या मेकॅनिकलच्या कुठल्याही खोलीचं दार वाजवून विचारा, हेच उत्तर येईल. का? ‘नॉन-स्पार्किंग असतं म्हणून.’ हायड्रॉलिक मशिन्सच्या ज्या झेरॉक्स नोट्स कित्येक बॅचेसपासून आपल्याकडे फिरताहेत, त्यांत ते एका ओळीत लिहिलेलं आहे. पाणी – कास्ट आयर्न. समुद्राचं पाणी – ब्राँझ. ॲसिड – स्टेनलेस स्टील. पेट्रोल आणि ज्वालाग्राही तेलं – ब्राँझ, कारण ठिणगी पडत नाही. चार ओळी, चार मार्क! गेल्या एप्रिलमध्ये ओरलला मीही हेच ठोकून दिलं. एक्स्टर्नल सरांनी मान डोलावली, ‘गुड’ म्हणाले आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली. बाहेर येऊन मी जाम खूश.

हा लेख त्या ‘गुड’च्या विरुद्ध आहे. उत्तर अगदीच चुकीचं होतं असं नाही, पण ते अर्धवट होतं. आणि जिथे आगीशी गाठ आहे तिथे अर्धवट उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट, कारण ते ऐकून माणसं निर्धास्त होतात. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. मे महिन्यात शिकवलं एका पंप ऑपरेटरने.

सुट्टीत ट्रेनिंगसाठी मी सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत पंधरा दिवस होते. मळी आंबवून तिथे स्पिरिट काढतात, त्यातलं उरलंसुरलं पाणी काढून इथेनॉल करतात आणि टँकर भरून तेल कंपन्यांना पाठवतात. टाक्यांच्या शेजारी ट्रान्सफर पंपांची रांग होती. तिथे जवळजवळ तीस वर्षं काढलेले एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही तात्या म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी मी माझं ज्ञान पाजळलं. ‘तात्या, ह्या पंपाचा इंपेलर ब्राँझचा आहे ना?’

‘व्हय. आदी बिडाचा पंखा हुता. मागल्या साली बदलला.’

आता मी पडले कॉन्व्हेंटची. कास्ट आयर्नला मराठीत बीड म्हणतात हे मला विसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी अगदी भाबडेपणाने विचारलं, ‘एवढ्या लांबून, बीडहून का मागवला होता?’ तात्या आणि त्यांचा हेल्पर जे हसत सुटले, ते पुढचे पंधरा दिवस कुणी नवीन माणूस आला की हा किस्सा सांगायचेच!

पण खरी फजिती पुढेच होती. मी म्हटलं, ‘म्हणजे आता काळजी नाही. ब्राँझ आहे, ठिणगी पडणार नाही.’

तात्या हसायचे थांबले. त्यांनी बोलावून मला पंपाच्या ग्लँडपाशी वाकायला लावलं. शाफ्टच्या कडेने थेंब पडत होते. एक... दोन... तीन. खाली बेसप्लेट ओली होती आणि स्पिरिटचा वास नाकात जात होता. मग त्यांनी मोटरच्या पायाकडे बोट दाखवलं. अर्थिंगची तांब्याची पट्टी बोल्टमधून सुटून तशीच लोंबत होती.

‘पोरी, पंखा सपिरिटात बुडालाय. तिथं ठिणगी पडली तरी ती कुनाला जाळनार? आदी वास कुठनं येतोय ते बग. ग्लँड गळतोय म्हनून दोनदा वहीत लिवलं. ही पट्टी रंग देताना काढली, परत लावायला कुनाला सवड न्हाई. पन पंखा बदलायचा कागद मातर बिनबोभाट पास झाला. का? तर ठिणगी पडत न्हाई म्हनून!’

माझ्या ओरलच्या चार मार्कांवर तिथेच पाणी पडलं. कारण तो कागद ज्याने पास केला तोही कधीतरी माझ्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असणार, आणि त्यालाही कुणीतरी ‘गुड’ म्हटलं असणार.

तात्या जे बोलले त्यात आपल्या पुस्तकातलं थोडं भरून बघू. आग लागायला तीन गोष्टी लागतात हे आपण सातवीत शिकलो : जळणारा पदार्थ, हवा आणि पेटवणारी उष्णता. पंप पूर्ण भरून चालू असतो तेव्हा केसिंगमध्ये फक्त द्रव असतो. हवा नाही, म्हणजे तिथे आग लागू शकत नाही. इंपेलर केसिंगला घासला आणि दहा ठिणग्या उडाल्या तरी त्या जागच्या जागी विझतात. नुकसान होतं ते वेअर रिंगचं आणि शाफ्टचं. आगीचा प्रश्न सुरू होतो तो दोन ठिकाणी. एक, जिथून इंधन बाहेर येतं – ग्लँड, सील, फ्लँजची गॅस्केट, फुटलेलं केसिंग. दोन, जिथून हवा आत जाते – रिकामी झालेली टाकी, सक्शनची गळती, कोरडा फिरणारा पंप. इंपेलरची धातू बदलून ह्या दोन्ही जागा बंद होत नाहीत.

ग्लँडचीच गोष्ट घ्या. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी नदीवर किंवा विहिरीवर मोटार आहे. फूटव्हॉल्व्हला ‘फुटबॉल’ म्हणणारे आपले काका-मामा पाण्याच्या पंपाचा ग्लँड कसा आवळतात ते बघा. पूर्ण आवळत नाहीत. थोडे थोडे थेंब पडू देतात, कारण त्याच पाण्याने आतली दोरी थंड राहते. फार आवळलं तर दोरी जळते आणि शाफ्ट खरवडतो. पाण्यासाठी हे अगदी बरोबर आहे. पण तीच सवय स्पिरिटला लावली तर? तिथे पडणारा प्रत्येक थेंब वाफ होऊन जमिनीलगत पसरतो, कारण इथेनॉलची आणि पेट्रोलचीही वाफ हवेपेक्षा जड असते. म्हणूनच अशा ठिकाणी मेकॅनिकल सील घालतात, आणि जास्त धोका असेल तर एकाऐवजी दोन. ब्राँझचा इंपेलर आणि गळका ग्लँड ही जोडी म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता थोडे आकडे. आकडे वाचायला कंटाळा येतो हे मान्य, पण हे बघाच. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्क्यांच्या मध्ये असेल तर पेट घेते. पेट्रोलच्या वाफेची हीच मर्यादा साधारण १.४ ते ७.६ टक्के. मग जास्त धोक्याचं कोण? सगळे म्हणतील पेट्रोल. पण बंद टाकीत काय होतं ते बघा. पेट्रोल इतकं उडतं, की टाकीतल्या मोकळ्या जागेत त्याची वाफ साडेसात टक्क्यांच्या कितीतरी वर जाते. मिश्रण एवढं दाट होतं, की आत ते पेटतच नाही. धोका टाकीबाहेर, जिथे ती वाफ हवेत मिसळून पातळ होते. इथेनॉलचं उलट आहे. ३० अंशाला टाकीतल्या हवेत त्याची वाफ साधारण दहा टक्के होते, म्हणजे पेटण्याच्या मर्यादेच्या बरोबर मध्ये! आपल्या सातारा-सांगलीत ३० अंश म्हणजे काही उन्हाळा नव्हे, वर्षातले कितीतरी दिवस दुपारी एवढं असतंच. म्हणून इथेनॉलची टाकी तळाला लागली आणि पंपाने हवा ओढली, तर जी हवा आत येते ती पेटण्यासाठी तयारच असते. अशा वेळी पंप वेळेवर बंद करणारा लेव्हल स्विच आपल्याला वाचवतो, इंपेलरचं ब्राँझ नव्हे. आणि इथेनॉलची ज्योत दुपारच्या उन्हात इतकी फिकट असते की नीट दिसतही नाही.

पेटवायला ठिणगीच लागते असंही नाही. पेट्रोलची वाफ साधारण २५० ते २८० अंशांना आणि डिझेलची त्याहूनही कमी तापमानाला आपोआप पेटू शकते. ग्रीस संपलेलं बेअरिंग किंवा कोरडं फिरलेलं सील एवढं तापायला वेळ लागत नाही. आणि ठिणगीच म्हणाल तर हायड्रोकार्बनची वाफ पेटवायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. नायलॉनचा शर्ट काढताना जो ‘चट्’ आवाज येतो त्यात एवढी ऊर्जा सहज असते. पाइपमधून वाहताना पेट्रोल-डिझेल स्वतःच स्टॅटिक चार्ज गोळा करतं. म्हणून रिकामा टँकर भरताना नळीचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा आणि अर्थिंग जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा नियम असतो. लोंबणाऱ्या त्या तांब्याच्या पट्टीचं महत्त्व आता कळलं ना?

मग काय, इंपेलरच्या मटेरिअलला काही अर्थच नाही? आहे, भरपूर आहे! फक्त तो ‘ठिणगी’ ह्या एका शब्दात बसत नाही.

माझी आजी पितळेच्या भांड्याला कल्हई केल्याशिवाय त्यात ताक ठेवायची नाही. ‘कळकेल’ म्हणायची. आणि आम्हाला ताप आला की काशाच्या वाटीने तळपाय घासायची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. इंजिनिअरिंगच्या भाषेत पहिलं ब्रास, दुसरं ब्राँझच्या घरातलं. तिला मेटलर्जी माहीत नव्हती, पण तिचा प्रश्न बरोबर होता : पदार्थ भांड्याचं काय करेल, आणि भांडं पदार्थाचं काय करेल?

हाच प्रश्न इंपेलरला विचारा. इंधन ठिणगीने पेटतं तसं ते तांब्याने कळकतंही! तांबं पेट्रोलचं ऑक्सिडेशन वाढवतं, त्यात डिंकासारखा चिकट थर धरतो. विमानाच्या इंधनाच्या व्यवस्थेत म्हणून तांबं आणि जस्त कटाक्षाने टाळतात. इंधनात उपद्रवी गंधक असेल तर ते उलट तांब्यालाच खातं. रिफायनरीत घासून लखलखीत केलेली तांब्याची पट्टी गरम इंधनात तीन तास बुडवून तिचा रंग किती काळवंडला ते बघतात. ही तपासणी आपल्या फ्युएल्सच्या धड्यात आहे, पण ती इंपेलरशी जोडून आपल्याला कुणी शिकवली नाही. इथेनॉलचं आणखी वेगळं. त्याला ब्राँझ चालतं, पण पितळ, जस्त आणि ॲल्युमिनियम चालत नाही. आता बाजारात जाऊन ‘ब्राँझचा इंपेलर द्या’ म्हणा. मिळेल ते बहुधा गनमेटल. त्याच्या नेहमीच्या एका प्रकारात शंभरात ८५ भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ भाग. म्हणजे ‘ब्राँझ’ एवढं लिहून ऑर्डर देणं हे ‘भाजी द्या’ म्हणण्यासारखं आहे.

ॲल्युमिनियमबद्दल तर आपल्याकडे भलताच गैरसमज आहे. ‘मऊ आहे, हलकं आहे, ठिणगी पडत नाही.’ पण गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम जोरात घासलं की रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात तीच थर्माइटची रिॲक्शन बारीक प्रमाणात होते, आणि पडणारी ठिणगी साध्या लोखंडाच्या ठिणगीपेक्षा जास्त पेटवणारी असते. म्हणजे ‘नॉन-स्पार्किंग’ हा गुण एकट्या धातूचा नसतोच, घासणाऱ्या जोडीचा असतो.

स्टेनलेस स्टील घालून मोकळं व्हावं, तर तेही तसं नाही. ३१६ ग्रेडचा इंपेलर ३१६च्याच वेअर रिंगला घासला तर दोन्ही एकमेकांना चिकटतात, ओरबाडतात आणि पंप जाम होतो. ह्याला गॉलिंग म्हणतात. म्हणून दोन रिंगांच्या कडकपणात निदान ५० ब्रिनेलचा फरक ठेवतात, किंवा त्यांच्यातली फट वाढवतात. फट वाढवली की थोडं द्रव आतल्या आत मागे फिरतं आणि एफिशिअन्सी उतरते. फुकट काहीच मिळत नाही!

आणि तापमान? डिस्टिलरी सोडून थर्मिक फ्लुइडच्या पंपाकडे या. तेही तेल जळणारंच, आणि २५० अंशांच्या वर फिरणारं. ब्राँझ स्टीलपेक्षा जास्त फुगतं. दर अंशाला एका मीटरमागे ब्राँझ साधारण १८ मायक्रॉन, स्टील साधारण १२. शाफ्ट ५० मिलिमीटरचा आणि तापमान २०० अंशांनी वाढलं, तर इंपेलरचं भोक शाफ्टपेक्षा ०.०६ मिलिमीटरने मोठं होतं. सुट्टीच्या दिवशी थंड पंपावर घट्ट बसलेला इंपेलर गरम झाल्यावर सैल! २५० मिलिमीटर व्यासाचा इंपेलर २९०० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १३७ किलोमीटर असतो. हायवेवरून जाणाऱ्या गाडीचं चाक सैल असावं, तसलाच प्रकार. म्हणजे ‘ज्वालाग्राही तेलाला ब्राँझ’ ही आपल्या नोट्समधली ओळ इथे पाळली, तर आपणच अपघात घडवू.

सर्वांत जास्त नवल मला पुढच्या गोष्टीचं वाटलं. लायब्ररीत बसून मी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं एपीआय ६१० हे स्टँडर्ड चाळलं. जगभरातल्या रिफायनऱ्या पंप मागवताना ह्याच्याच आधारे मागवतात. त्यात मटेरिअलचे वर्ग दिले आहेत आणि ‘एस-१’ ह्या वर्गात केसिंग स्टीलचं आणि इंपेलर चक्क कास्ट आयर्नचा आहे! म्हणजे आपला बिडाचा पंखा! ‘एस-६’मध्ये केसिंग स्टीलचं आणि इंपेलर १२ टक्के क्रोमचा. ब्राँझ जिथे येतं तो वर्ग आहे ‘आय-२’, आणि त्याचं केसिंग बिडाचं. पण ज्वालाग्राही द्रवासाठी बिडाचं केसिंग हे स्टँडर्ड चालूच देत नाही, तिथे स्टील हवं. म्हणजे आपण पंख्याला बीड नको म्हणतो आणि केसिंग बिडाचं ठेवतो. आणि रिफायनरीवाले केसिंगला बीड नको म्हणतात, पंख्याला चालवून घेतात. बरोबर उलट!

कारण समजून घेतलं तर ते अगदी घरगुती आहे. बीड ठिसूळ असतं. शेजारी आग लागली, केसिंग तापून लाल झालं आणि अग्निशमनवाल्यांनी त्यावर थंड पाणी मारलं तर बीड तडकतं, जसा चुलीवरून काढलेला काचेचा ग्लास पाण्याखाली धरल्यावर तडकतो. मग आतलं सगळं इंधन आगीत ओतलं जातं. इंपेलर तडकला तर पंप बंद पडतो. केसिंग तडकलं तर कारखाना जातो. स्टील वाकतं, फुगतं, पण एकदम तडकत नाही. म्हणून मटेरिअलचे पैसे आधी केसिंगवर, मग सीलवर आणि त्यानंतर इंपेलरवर घालायचे.

कुणी म्हणेल, ‘बाई, तू ब्राँझवर एवढी का उठलीस?’ तर नाही. जिथे हवा असणारच हे माहीत आहे तिथे मऊ, कमी ठिणगीची जोडी वापरण्यात शहाणपण आहेच. खड्ड्यातून सांडलेलं तेल उपसणारा पंप किंवा वाफ ओढणारा पंखा, तिथे मीही तीच मागेन. आणि बिडाच्या किंवा स्टीलच्या रिंगेला ब्राँझ घासलं तर ते सहज जाम होत नाही, हाही त्याचा मोठा गुण आहे. माझं भांडण ब्राँझशी नाही, ‘म्हणून आता काळजी नाही’ ह्या वाक्याशी आहे.

२९ ऑक्टोबर २००९ची जयपूरची दुर्घटना आपल्यापैकी बहुतेकांना फक्त नावाने माहीत असेल. सीतापुऱ्यातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल पाठवण्यासाठी लाइन जोडताना व्हॉल्व्हच्या जागेतून गळती सुरू झाली. सुमारे सव्वा तास पेट्रोल बाहेर येत राहिलं, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि मग स्फोट झाला. आग अनेक दिवस जळत होती. माणसं गेली, शेजारच्या कारखान्यांच्या इमारती हादरल्या. त्या ढगाला पेटवणारी ठिणगी कुठली असेल ह्याचे अंदाज नंतर बांधले गेले. पण विचार करा, सव्वा तास पसरलेल्या ढगाला एक ठिणगी कुठून तरी मिळणारच होती. स्विचमधून नाहीतर गाडीतून. हातात असलेली एकच गोष्ट होती, गळती. तात्यांनी मला ग्लँडपाशी वाकून जे दाखवलं तेच हे, फक्त कितीतरी पटींनी मोठं.

हे सगळं आपल्या जिल्ह्यांत बसून लिहिताना मला जरा लाजही वाटते. मिरजेहून पुण्याकडे जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना थाटला आणि १९२६ साली तिथेच त्यांचा पहिला सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. पंपाचं ओतकाम कसं करावं हे आपल्या दोन जिल्ह्यांच्या मातीला शंभर वर्षं माहीत आहे. आणि तिथून हाकेच्या अंतरावर आपण मुलं ‘पेट्रोल – ब्राँझ’ अशी जोड्या लावा खेळतो!

आणि हा प्रश्न दूरच्या रिफायनरीचा राहिलेला नाही. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ला ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर. हे इथेनॉल येतं कुठून? कृष्णा-कोयनेच्या काठच्या उसातून. आपल्यातले कितीतरी जण उद्या ह्याच डिस्टिलऱ्यांत ट्रेनी म्हणून लागतील, आणि एखाद्या वर्षात पंप बदलण्याच्या कागदावर आपलीच सही असेल. त्या सहीच्या खाली कुणीतरी तात्या रोज आठ तास उभा असणार आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या. पहिली आपल्या सरांकडे. ‘कोणत्या द्रवाला कोणतं मटेरिअल’ हा प्रश्न ओरलला बंद करा. त्याऐवजी एक पूर्ण पंप द्या : द्रव कुठला, तापमान किती, टाकी रिकामी होते का, सील कुठलं, केसिंग कशाचं. मग विचारा, ‘तू कशावर पैसे खर्च करशील आणि का?’ दहा मिनिटं जास्त लागतील, पण घोकलेलं उत्तर चालणार नाही. जवळच्या एखाद्या डिस्टिलरीतल्या ऑपरेटरला वर्षातून एकदा लेक्चरला बोलवा. त्यांच्याकडे डिग्री नसेल, पण आपल्याकडे नाक नाही!

दुसरी मागणी आपल्याकडे, म्हणजे हॉस्टेलवाल्यांकडे. आपल्या मागच्या शेडमधल्या जनरेटरमध्ये लाइट गेल्यावर डिझेल ओततात, तेव्हा आपण काय करतो? कॅनभोवती उभे राहून गप्पा मारतो आणि एखाद-दुसऱ्याच्या हातात सिगरेट असते. ‘डिझेल आहे रे, पेट्रोल थोडंच आहे!’ आपल्या देशाच्या स्टँडर्डप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट निदान ३५ अंश असावा लागतो. सांगलीत एप्रिलच्या दुपारी सावलीतच त्याहून जास्त असतं. पत्र्याच्या शेडमध्ये किती असेल, हा हिशोब तुम्हीच करा.

शेवटी एक कबुली. ट्रेनिंगच्या रिपोर्टमध्ये मी तो गळका ग्लँड लिहिला नाही. ‘ज्यांनी ट्रेनिंग दिलं त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नसतं, सर्टिफिकेट अडकेल’ असं सीनियर्स म्हणाले आणि मी ऐकलं. ‘इंपेलर – ब्राँझ, नॉन-स्पार्किंग’ एवढंच लिहून मी रिपोर्टला बाइंडिंग केलं. त्यातही मला चांगले मार्क पडले. अर्थिंगची पट्टी मात्र निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी स्वतः बोल्ट शोधून लावली, मी पाना धरला होता. ग्लँडच्या जागी मेकॅनिकल सील बसवायची मागणी त्यांनी वहीत तिसऱ्यांदा लिहिली. ह्या वेळी अक्षर माझं होतं, सही त्यांची. ती पुढे पास झाली की नाही ते मला माहीत नाही. दिवाळीत गावी जाताना वाट वाकडी करून बघून येणार आहे.

तोवर ज्युनिअर्सना एवढंच सांगते. झेरॉक्स नोट्समधल्या त्या ओळीवर पेनाने काट मारा आणि बाजूला तात्यांचं वाक्य लिहा. पुढच्या ओरलला कुणी विचारलं, की स्पिरिटच्या पंपाचा इंपेलर कशाचा असावा, तर न घाबरता म्हणा, ‘सर, आधी त्याचं सील कुठलं आहे ते सांगा.’

मार्क कमी पडले, तर चहा माझ्याकडून!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल